पाय पसरा, अंथरूण आम्ही बघतो

आमच्या दादाला 'नाही' म्हणता येत नाही. लहानपणी नातेवाईक यासाठी त्याचे गालगुच्चे घ्यायचे, "किती गुणी पोर!" म्हणायचे, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. गुणी पोर मोठं झालं आणि त्याने कंपनी काढली.

कंपनी वेब होस्टिंगची. म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या मशीनवर ठेवायच्या आणि त्या जेवढी जागा व्यापतील त्याचं वर्षाचं भाडं घ्यायचं. "भाडेकरू असून घरात येत नाहीत," दादाने मला समजावलं होतं, "भिंतीला खिळे ठोकत नाहीत, नळ गळतो म्हणून ओरडत नाहीत." ओरडत नाहीत म्हणे! फोन मी उचलते. मला विचारा.

आम्ही एकूण चौघं. दादा मालक. वहिनी हिशेब बघतात, चहा बघतात आणि उरलेल्या वेळात दादाला बघतात. मी दादाची धाकटी बहीण, गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडे. आणि मागच्या खोलीत मशीन सांभाळायला वहिनींचा भाऊ. त्याला सगळे गोगलगाय म्हणतात. माणूस हुशार आहे, पण त्याचं वाक्य सुरू झालं की मी मधे एखादा फोन उरकून येते, तोवर ते क्रियापदापर्यंत पोचलेलं असतं. ऑफिस तळमजल्यावर आहे. पूर्वी तिथे चपलांचं दुकान होतं, त्यामुळे अजूनही अधूनमधून कोणीतरी आत येतं, खुर्चीवर बसतं आणि माझ्यापुढे पाय करतं.

तर एके दिवशी दादा आंघोळ करून आला तो थेट योजना घेऊनच. त्याला योजना आंघोळीतच सुचतात. वहिनींनी यासाठी गरम पाणी कमी करून पाहिलं, पण नुसता सर्दीचा त्रास वाढला.

"लवचिक जागा!" तो म्हणाला. केसांतून पाणी गळत होतं. "गिऱ्हाइकाला जागा कमी पडली की त्याने मोठं पॅकेज घ्यायचं, वर्षभर अडकून पडायचं, हे कशाला? एक फोन करा, हवी तेवढी जागा घ्या. काम झालं की परत द्या. रबरासारखं. ताणलं की लांब, सोडलं की आखूड."

"आणि ही जागा आणायची कुठून?" मी विचारलं.

"लोक घेतलेली जागा वापरतात कुठे? व्यायामशाळेची वर्षाची फी भरतात आणि दोनदा जातात, तसंच हे. आपलं मशीन बरंचसं रिकामंच असतं. ह्याची रिकामी जागा त्याला द्यायची, त्याची ह्याला."

"आणि सगळे एकाच दिवशी मागायला आले तर?"

"सगळे एकाच दिवशी कधी येतात का?"

असं बोलणाऱ्याच्या तोंडावर वेळीच हात ठेवायला घरात कोणीतरी मोठं माणूस लागतं. आमच्याकडे मोठं माणूस तोच. त्याने लगेच जाहिरातसुद्धा छापून आणली: 'अंथरूण पाहून पाय पसरू नका. पाय पसरा, अंथरूण आम्ही बघतो!'

"अरे, आपल्या पूर्वजांनी थंडीत पाय उघडे टाकून टाकून ही म्हण तयार केली," मी म्हटलं, "आणि तू ती एका दुपारीत उलटी करून टाकलीस."

"छान जमलीय ना?" तो म्हणाला. कपाळ माझं!

पण खोटं कशाला बोलू, योजना चालली. ती कशी चालली ते मात्र जाहिरातीत नव्हतं. मशीन भरत आलं की मी एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावायचे. "तुमच्या साइटवर काही जुनंपानं पडलंय का हो? जरा सरकून घ्याल का? शेजारी एकजण उभे आहेत." दुसऱ्या कुठल्या कंपनीत अशी पद्धत असेल तर मला दाखवा, मी फोनवर बोलायचं सोडून देईन. पण लोक सरकायचे! बाकावर ऐसपैस बसलेल्या माणसाला समोर कोणी उभं दिसलं की त्याला आपोआप चोरट्यासारखं होतं, तसंच असणार. बेकरीवाल्याला नव्या केकचे फोटो टाकायचे झाले की दंतवैद्य आपल्या साइटवरचे जुने दात उपटायचे. दंतवैद्यांना नवे दात लावायचे झाले की बेकरीवाला शिळे केक काढायचा. पुढे पुढे तर लोक मला विचारायला लागले, "आज कोण उभंय?" जणू काही मी बसची कंडक्टर.

मग वादळ आलं.

रस्त्यावर झाडं पडली, नदीवरचा पूल बंद झाला, शाळा आणि कचेऱ्यांना सुट्टी मिळाली. आणि गावाबाहेर भटक्या कुत्र्यांचा एक आश्रम होता, त्याचं कुंपण आडवं झालं. आतली सगळी कुत्री पसार. हा आश्रम चालवणाऱ्या बाईंना सगळं शहर 'कुत्र्यांच्या बाई' म्हणूनच ओळखतं. त्या आमच्या गिऱ्हाईक. त्यांचं पॅकेज सगळ्यात लहान: साइटवर एक पान, एक फोन नंबर आणि एका कुत्र्याचा फोटो, तोही हललेला.

बाईंनी सकाळी रेडिओवरून सांगितलं, की कुठेही एकटं कुत्रं दिसलं तर त्याचा फोटो काढून आमच्या वेबसाइटवर टाका. मग त्यांनी आमच्याकडे फोन केला. मी नेमकी हात धुवायला गेले होते, म्हणून तो दादाने उचलला. मी परत येईपर्यंत दादा त्यांना म्हणत होता, "बाई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. हवे तेवढे पाय पसरा."

बाईंनी नाही, अख्ख्या शहराने पसरले. सुट्टी असलेल्या माणसाच्या हातात कॅमेरा असलेला फोन देऊन बघा एकदा! एका एका कुत्र्याचे चाळीस चाळीस फोटो. समोरून, मागून, बाजूने, पळताना, आणि पळून गेल्यावरच्या रिकाम्या रस्त्याचे. काहींनी स्वतःची कुत्री पाठवली आणि खाली लिहिलं, 'हे आमचं आहे, हरवलेलं नाही.' एकाने बोकड पाठवून विचारलं, 'हे चालेल का?' एका बाईने नवऱ्याचा सोफ्यावर झोपलेला फोटो पाठवला. 'हा आमच्याकडे सापडला. कोणाचा असेल तर ओळख पटवून घेऊन जावे.'

तरी त्या ढिगाऱ्यातून कुत्री सापडत होती, हे मान्य करायला हवं. बाईंची माणसं फोटो बघायची, टेम्पो घेऊन जायची आणि कुत्रं घेऊन यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आमच्या ऑफिसात आल्या. आश्रमाचं छप्पर उडालेलं, तिथे इंटरनेट नव्हतं. चपलांच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर त्या बसल्या. कपडे ओले, गुडघ्यापर्यंत चिखल आणि मांडीवर एक रिकामा पट्टा.

"सगळी आली," त्या म्हणाल्या. "एक राहिलाय."

जो राहिला होता त्याचं नाव 'आजोबा'. म्हातारा, करडा, एक कान दुमडलेला. पार बहिरा. "हाक मारून उपयोग नाही, शिट्टी मारून उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्या हृदयाला औषध चालू आहे. गोळी चुकून आज दुसरा दिवस. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत सापडायला हवा. नंतर त्यांना खात्री देता येत नाही." आणि त्या पट्ट्याचं बक्कल लावत-काढत बसल्या.

मला कुत्री आवडत नाहीत. मांजरंही नाहीत. खरं तर माणसंसुद्धा बेताचीच. पण त्या बाईंना बघून मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते. त्यामुळे मी वहिनींवर ओरडले की बाईंना अजून चहा का नाही दिला. चहा बाईंच्या हातातच होता.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडून गोगलगाय बाहेर आला.

"ताई," तो म्हणाला, "आपलं मशीन..."

फोन वाजला. व्यायामशाळेच्या मालकाचा होता, आमच्या एका गिऱ्हाइकाचा; त्याची साइट आज इतकी हळू का उघडतेय विचारत होता. मी त्याला वाटेला लावून फोन ठेवला.

"...भरलंय," गोगलगाय म्हणाला.

"किती भरलंय?"

"गच्च. नवे फोटो आता... दाराशी रांगेत उभे राहतात. आतलं काही गेल्याशिवाय... ते उघडत नाहीत. आणि अजून थोडं जरी भरलं ना... तर सगळ्यांच्याच साइट बंद पडतील."

"मग नवी डिस्क लाव ना! मागवलीय ना तू?"

"मागवलीय. ट्रक... पुलापलीकडे आहे."

दादा आपल्या केबिनमधून बाहेर आला. त्याचा चेहरा परीक्षेला जाऊन पेपर बघितलेल्या मुलासारखा झाला होता. मी त्याला म्हणणार होते, "सगळे एकाच दिवशी येतात का कधी?" पण वहिनींनी डोळ्यांनी नको म्हटलं, म्हणून तो घास मी गिळला. फार कडू होता.

"फोटो लहान करून बघितले का?" दादाने विचारलं.

"बघितले," गोगलगाय म्हणाला. "पण लहान केले की... सगळी कुत्री बटाट्यासारखी दिसतात."

बाईंनी मान वर केली. "रांगेत किती फोटो आहेत?"

"बरेच."

"म्हणजे त्यात तो असू शकतो."

असू शकत होता ना! त्याला कोणीतरी बघितलेलं असेल, फोटो काढलेला असेल, आणि तो फोटो आमच्या दारात 'जागा नाही' म्हणून उभा असेल. दादाने माझ्याकडे बघितलं. मी फोन जवळ ओढला.

आता, इतर वेळी मी सरकून घ्या म्हणते तेव्हा त्यात थोडा दम असतो. पण बाई समोर बसलेल्या. त्यामुळे तोंडात आलेला प्रत्येक शब्द मला आधी धुऊन, मग पुसून बाहेर काढावा लागत होता. वहिनी म्हणाल्या, माझा आवाज इतका गोड झाला होता की त्यांना वाटलं मी आजारी पडले.

बेकरीवाल्याला पूर्ण सांगावंच लागलं नाही. 'बहिरा' आणि 'गोळी' ऐकूनच तो मुसमुसायला लागला. "ताई, सगळे केक काढा," तो म्हणाला. "लोकांना माहीत आहे हो केक कसा दिसतो."

व्यायामशाळेच्या मालकाकडे स्वतःच्या दंडाचे व्हिडिओ होते, ढीगभर. त्याने थोडा विचार केला. "डाव्या दंडाचे काढा. तो नाहीतरी जरा कमीच आहे. पण हे कोणाला सांगू नका." कोणाला सांगतेय मी!

ज्योतिषीबुवा म्हणाले, "तुमचा फोन येणार हे मला ठाऊक होतं."

"मग जागा करून ठेवायची ना!"

"जागा देण्याचा योग शुक्रवारी आहे."

"बुवा," मी साखर घोळवून म्हटलं, "गेल्या वर्षीची सगळी भविष्यं अजून तुमच्या साइटवर आहेत. लोक ती काढून काढून वाचतात आणि मला फोन करतात. काय काय झालं नाही ते सांगायला."

पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. "योग आजही आहे," बुवा म्हणाले. "छोटासा आहे, पण आहे."

सगळ्यांत जड गेले हेडसर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली, पण त्यांची सगळी भाषणं आवाजासकट त्यांच्या साइटवर आहेत. टाळ्यांसकट. टाळ्या कमी पडल्या होत्या तिथे त्यांनी मागाहून घातल्या आहेत.

"सर, जरा सरकून घ्याल का?"

"वाक्य पूर्ण करा. कोणी सरकायचं, कुठे आणि कशासाठी?"

मी उभी राहिले! बसल्या खुर्चीवरून उभी राहिले, फोनवर असताना, आणि हात मागे बांधून पूर्ण वाक्य म्हटलं. दादा भिंतीकडे तोंड करून हसत होता. सरांनी विचार केला. 'स्वच्छता' काढायला परवानगी दिली, 'वक्तशीरपणा' काढायला दिली, 'मितभाषण' तर सर्वांत लांबलचक होतं, तेही दिलं.

"आणि 'त्याग', सर? तेही बरंच मोठं दिसतंय."

"ते नको," सर म्हणाले. "ते मला सोडवत नाही."

असं करता करता जागा झाली. कोणी जुने पडदे काढले, कोणी भाचीचा नाच काढला, एका छत्रीवाल्याने तर सगळी साइटच पुसा म्हणून सांगितलं, "नाहीतरी वादळानंतर माझ्या छत्र्यांवर कोण विश्वास ठेवणार?" गोगलगाय एक एक फोटो आत घेत होता आणि बाई पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. फोटो उघडायचा, बाई पुढे वाकायच्या. तपकिरी कुत्रं. बाई मागे टेकायच्या. पांढरं कुत्रं. बोकड, पुन्हा तोच. काळं कुत्रं. रिकामा रस्ता. प्रत्येक वेळी त्या तितक्याच आशेने पुढे वाकत होत्या, आणि ते बघणं मला सहन होईना, म्हणून मी उगीचच टेबल पुसत बसले.

"रांग संपली," शेवटी गोगलगाय म्हणाला.

बाईंनी पट्टा हातात गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला.

"म्हणजे... एक आहे," तो म्हणाला.

"अरे, मग बोल ना पटकन!"

"दारातच अडकलाय. काल सकाळपासून. इतका मोठा आहे... की बाकीचे सगळे मिळूनही एवढे होणार नाहीत." त्याने दोन्ही हात पसरून दाखवले, आणि ते पुरेनात म्हणून दाराकडे बोट केलं. "फोटो स्टुडिओवाल्यांचा आहे."

आता उलगडा झाला. स्टुडिओवाले कलावंत. साधा पासपोर्टचा फोटो काढायला गेलं तरी ते माणसाला तासभर उजेडात बसवतात आणि विचारतात, "तुम्हाला सगळ्यांत जास्त दुःख कशाचं आहे?" त्यांचा कॅमेरा तोफेएवढा, आणि फोटोही त्याच मापाचे.

"एवढी जागा आता कुठून आणू?" मी म्हटलं. "सगळे सरकून सरकून भिंतीला टेकलेत. आता फक्त 'त्याग' उरलाय, आणि तो मिळत नाही!"

गोगलगाय घुटमळला. "एक खातं आहे," तो म्हणाला. "सगळ्यांत मोठं. ते... कधी सरकलेलंच नाही."

"कोणाचं? नंबर दे, आत्ता फोन लावते."

"आपलंच. ऑफिसचं."

दादाला एकदम केबिनमधलं काहीतरी आठवलं. वहिनी रिकामी कपबशी विसळायला लागल्या, तीही कोरडी. मी दादाच्या आडवी उभी राहिले.

"काय आहे त्यात?"

"काही नाही गं. ट्रेनिंगचं सामान."

"कसलं ट्रेनिंग? आपल्याकडे कोण येतंय शिकायला?"

"पुढेमागे माणसं घ्यावी लागतील ना," दादा पुटपुटला. "त्यांच्यासाठी. नमुने म्हणून."

गोगलगाईने एक उघडलं. खोलीभर माझाच आवाज घुमला. "अहो, तुमचा पासवर्ड तुम्ही विसरलात, मी नाही! मी तुमची बायको आहे का, तुमचं सगळं लक्षात ठेवायला?" पुढचं उघडलं. "साइट बंद नाहीये, तुमचा कॉम्प्युटर बंद आहे. बटण दाबा. दाबलं? मग आता कपाळ दाबा!" वर्षानुवर्षांचे फोन. एकूण एक जपून ठेवलेले. आणि त्या सगळ्या ढिगावर नाव घातलेलं होतं: 'गिऱ्हाइकाशी कसे बोलू नये'.

मी दादाकडे बघितलं. मी वहिनींकडे बघितलं.

"मला नावाचं माहीत नव्हतं," वहिनी घाईघाईने म्हणाल्या. "मी आपली दुपारी कंटाळा आला की ऐकायचे. तो पासवर्डवाला फार छान आहे."

"जगभर हिंडून लोकांना सरकायला सांगते मी!" मी ओरडले. "लोकांचे केक काढले, दंड काढले, एका छत्रीवाल्याचा धंदा बुडवला, आणि इथे सगळ्यांत मोठा बाक अडवून कोण बसलंय? मीच! आणि तेसुद्धा वाईट नमुना म्हणून!"

"अगं, त्यात तुझी चूक नाही..."

"चूक तुझी आहे! पुसा सगळं! आत्ताच्या आत्ता!"

"पासवर्डवाला तरी..." वहिनी म्हणाल्या.

"पुसा!"

गोगलगाईने बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी गोष्ट पटकन केली. माझे सगळे फोन गेले. आता मी कशी बोलायचे याचा एकही पुरावा जगात नाही, त्यामुळे कोणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि मग स्टुडिओवाल्यांचा फोटो आत यायला लागला. तो वरून खाली, एक एक रेघ करत उतरत होता. आधी नुसता काळोख. मग थोडा कमी काळोख. बाई उठून उभ्या राहिल्या. मग एक दुमडलेला कान उतरला.

"आजोबा!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की बाहेर रस्त्यावरून जाणारे एक खरे आजोबा थांबले.

करडं तोंड, मिटलेले डोळे, पुढच्या पंजांवर ठेवलेली हनुवटी. झोपला होता. पण कुठे? बाकी सगळं स्टुडिओवाल्यांनी कलेने अंधारात बुडवलेलं. फोटोचं शीर्षक होतं 'विश्रांती'. आणि 'ठिकाण' लिहायच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'अंतर्मन'.

"अंतर्मन!" मी म्हटलं. "ह्या माणसाला मी..." आणि स्टुडिओत फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. बाई पडद्याला हात लावून उभ्या होत्या. "कालचा फोटो आहे," त्या म्हणाल्या. "तो तिथेच असेल का हो अजून? आणि कुठे असेल?" त्यांचा आवाज पार बारीक झाला होता.

वहिनी चष्मा वर करून फोटोच्या कोपऱ्यात बघत होत्या. तिथे अंधारात लोखंडी जाळीची कड दिसत होती आणि तिला काहीतरी अडकवलेलं होतं.

"ते फडकं माझं आहे," त्या म्हणाल्या.

"कुठलं फडकं?"

"फरशी पुसायचं. निळ्या काठाचं. मी ते मागच्या गल्लीत वाळत घालते, मशीनच्या खोलीचा पंखा आहे ना, त्याच्या जाळीला. गरम हवा येते, पटकन वाळतं."

आम्ही सगळे त्या फोटोकडे बघत राहिलो. मागच्या गल्लीत, आमच्याच भिंतीला, मशीनची ऊब बाहेर फेकणाऱ्या पंख्याखाली! स्टुडिओचं मागचं दारही त्याच गल्लीत उघडतं. वहिनींनी 'काखेत कळसा'ची म्हण म्हणायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "वहिनी, ती म्हण आत्ता उच्चारायची नाही."

बाई तर केव्हाच धावत सुटल्या होत्या.

मागच्या गल्लीत सहसा कोणी थांबत नाही. तो पंखा इतका घरघरतो की दोन मिनिटांत डोकं उठतं, आणि ह्या दोन दिवसांत आत शहरभरची कुत्री भरलेली, त्यामुळे मशीन तापून तो नुसता गर्जत होता. त्याच्याखाली झोपू शकेल असा जीव शहरात एकच. पडलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तो मुटकुळं करून पडला होता, गरम वारा अंगावर घेत. हलत नव्हता. मी गल्लीच्या तोंडाशीच थांबले. मला पुढे जाववेना. दादाने माझा हात धरला, आणि मी झटकला नाही.

बाई चिखलात गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी हाक मारली नाही. नुसता हात त्याच्या नाकापुढे धरला आणि वाट बघितली.

त्याने डोळे उघडले नाहीत. आधी नाक हललं. मग शेपटी पुठ्ठ्यावर एकदा आपटली. मग पुन्हा.

बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, खिशातून गोळी काढली, आणि रडत रडत वाकून त्याच्या दुमडलेल्या कानात बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या. पंख्याच्या गोंगाटात आम्हाला एक शब्द कळला नाही. त्यालाही ऐकू आला नसणारच. पण त्या बोलत होत्या तोवर शेपटी थांबली नाही.